मळवलीची लक्ष्मी

आमच्या घरातली लक्ष्मी मी घालवली. वाचकांनी दचकू नये, दागिने-ठेवी जिथल्या तिथे आहेत. गेली ती भिंतीवरची, काचेच्या फ्रेममधली लक्ष्मी. पण घालवली मीच, आणि तीही सौंदर्यशास्त्र शिकवणाऱ्या बाईच्या पूर्ण आत्मविश्वासाने.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात घर रंगवायला काढलं होतं. अत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, आठ दिवस हुबळीला नणंदेकडे गेल्या होत्या. (सासरची भाषा कानडी, माझी मराठी आणि लेकीची दोन्हींची मिसळ, हे आपल्याकडच्या वाचकांना समजावून सांगायला नको.) रंगाऱ्यांनी जगलीवरचे, आमच्या भाषेत देवघरातले, सगळे फोटो उतरवून व्हरांड्यात मांडले. उजेडात ती लक्ष्मी फारच केविलवाणी दिसली. फ्रेम वाळवीने पोखरलेली, काचेला तडा, कागद पिवळा पडलेला. शिवाय कुणीतरी तिच्या लुगड्याच्या काठावर खरी जर शिवली होती, मुकुटावर आणि गळ्यात टिकल्या टाचल्या होत्या. त्यातल्या निम्म्या काळ्या पडल्या होत्या. जरीत उदबत्तीचा धूर आणि तीन पिढ्यांची धूळ बसली होती.

भंगलेला देवाचा फोटो कचऱ्यात टाकत नाहीत, पिंपळाच्या कट्ट्यावर नेऊन ठेवतात. एवढी रीत मी पाळली. नमस्कारही केला. जगलीवर नवी ग्रॅनाइटची फरशी बसवली आणि पितळेची एक छान, साधी मूर्ती आणून ठेवली. मनात कुठेतरी असंही वाटलं की घरातली अभिरुची जरा वर गेली.

अत्ती परत आल्या, हातपाय धुऊन जगलीसमोर उभ्या राहिल्या आणि विचारलं, ‘‘देवर फोटो एल्ली इट्टी?’’ कुठे ठेवलास म्हणून. मी सांगितलं. त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘इर्ली बिडव्वा.’’ असू दे म्हणून. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याच संध्याकाळी आमचे हे धावत पिंपळापाशी जाऊन आले. तिथे तीन गणपती होते, एक बिनकाचेचे साईबाबा होते आणि नारळाच्या करवंट्या होत्या. लक्ष्मी नव्हती.

पुढे नणंदेकडून कळलं ते असं. तो फोटो अत्तींच्या आईचा, बैलहोंगलच्या घरातला. अत्तींच्या वेळी त्या माहेरी आल्या होत्या. तेव्हा बसल्या बसल्या तीन महिने त्यांनी ती जर शिवली. ती जरही विकतची नव्हती, स्वतःच्या लग्नातल्या शालूची उसवून काढलेली होती. एवढ्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. बारा-पंधरा दसऱ्यांना मी स्वतः त्या फोटोची काच पुसली होती. पुसताना तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत छापलेलं मात्र दर वेळी वाचलं होतं: रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा.

गेल्या श्रावणात कॉलेजच्या एका कार्यशाळेसाठी पुण्याला जायचं ठरलं. पिशवी भरताना अत्ती दारात येऊन म्हणाल्या, ‘‘तो फोटो केलेला गाव पुण्याजवळच आहे म्हणतंय की. तिकडं मिळतंय तर एक घेऊन ये.’’ सव्वा वर्षात त्या फोटोविषयी त्या पहिल्यांदा बोलल्या होत्या. त्यामुळे रविवारी कार्यशाळेतल्या बाकीच्या मंडळींनी लक्ष्मी रोडची वाट धरली, आणि मी शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडली.

पिंपरी-चिंचवडपर्यंत लोकल म्हणजे माणसांचा लगदा. तळेगाव गेलं की हवा बदलते. वडगाव, कान्हे, कामशेत करत गाडी मावळात शिरते. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, इंद्रायणीचं गढूळ पाणी, आणि ढगांत डोकं खुपसून बसलेले डोंगर. कामशेतनंतरचं स्टेशन मळवली. तिथे उतरणाऱ्यांत मी सोडून जवळजवळ सगळे कॉलेजचे पोरंपोरी, भाज्याच्या धबधब्याला निघालेले.

स्टेशनबाहेर एका रिक्षावाल्याला विचारलं, ‘‘रविवर्मा प्रेस कुठे होती हो?’’ तो म्हणाला, ‘‘प्रेस? छापायचंय काय? त्याला लोणावळ्यात जावं लागंल.’’ दुसऱ्याने मला एकवीरेची भक्तीण समजून कार्ल्याचं भाडं सांगितलं. चहाच्या टपरीवरचे एक वयस्कर गृहस्थ मात्र म्हणाले, ‘‘ती होय? जळाली ती. कधीच.’’ आणि कपातला उरलेला चहा फेकून त्यांनी हाताने एक अशी दिशा दाखवली, की तिच्यात अर्धा मावळ मावेल.

जळाली हे मला वाचून ठाऊक होतं. 1972 साली आगीत छापखाना गेला. तरी त्या माणसाच्या तोंडून ऐकताना वाईट वाटलं. छत्री उघडून तासभर मी त्या दिशेने फिरले. बंगल्यांची कुंपणं, चिखल आणि पाहुण्यांवर भुंकणारी कुत्री एवढंच भेटलं. छापखाना म्हणून बोट ठेवावं असं मला काही सापडलं नाही. तेव्हा मीही पोरापोरींच्या मागोमाग भाज्याची वाट धरली.

इथे हा छापखाना आला कसा, ते थोडक्यात सांगायला हवं. राजा रविवर्मा केरळातल्या किळिमानूरचे, जन्म 1848. राजेरजवाड्यांच्या वाड्यांत त्यांची तैलचित्रं लागायची. बडोद्याला सयाजीरावांनी त्यांच्याकडून पौराणिक चित्रांची मालिका करून घेतली. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्येही त्यांची चित्रं आहेत आणि आपल्यापैकी पुष्कळांनी ती सहलीत पाहिली असतील. पण वाड्यातलं चित्र वाड्यात राहतं. त्यांच्या चित्रांना मागणी इतकी होती की दोन हातांनी ती पुरी होणं शक्य नव्हतं. तेव्हा त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण राहिलेल्या सर टी. माधवरावांनी त्यांना सुचवलं, की निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढाव्यात. हे माधवराव तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. रविवर्मांनी पुढे युरोपला चित्रं पाठवण्याऐवजी यंत्रं आणि कारागीर जर्मनीहून इकडे आणले आणि 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला. त्यातून निघालेलं पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. शतक संपता संपता छापखाना इथे, मळवलीला हलला. धंदा काही त्यांना साधला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर या आपल्या जर्मन तंत्रज्ञाला, चित्रांच्या हक्कांसह, विकून टाकला. 1906 मध्ये रविवर्मा गेले. त्यांची लक्ष्मी मात्र पुढे कितीतरी वर्षं इथल्या दगडांवरून उतरत राहिली.

दगडांवरून हे शब्दशः. शिळाछाप म्हणतात ती हीच. चुनखडीचे गुळगुळीत घासलेले दगड बव्हेरियातून यायचे. त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचं. दगड ओला केला की कोऱ्या भागावर पाणी धरतं आणि खडूच्या रेघेवर धरत नाही. मग तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई बरोबर रेघेवर बसते, ओल्या भागावर बसत नाही. पाणी आणि तेल यांचं जन्माचं वैर, त्याच्यावर सगळी किमया. पण एका दगडाने एकच रंग छापता येतो. लक्ष्मीचा लाल, कमळाचा गुलाबी, पानांचा हिरवा, अंगाची कांती, सावल्या, प्रत्येकाला वेगळा दगड. एका चित्राला दहा-बारा दगड, कधी त्याहून जास्त. तोच कागद तितक्या वेळा यंत्राखाली जायचा, आणि एकदा जरी केसभर सरकला तरी देवीचे ओठ गालावर जायचे. सगळे रंग चढले की कागदावर कॅनव्हाससारखी खरखर उठवायची आणि वरून वार्निश द्यायचं. मग तो कागद तैलचित्रासारखा चमकायचा. मूळ चित्र उलगडून दगडादगडावर उतरवणारे ते कारागीर कोण होते, हे चित्रावर कुठे लिहिलेलं नसतं.

या छापखान्याने आणखी एक माणूस काही काळ कामाला ठेवला होता, त्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. पुढे 1913 मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. देव आधी कागदावर घरोघर गेले आणि मग पडद्यावर चालू लागले. या दोन्हींमधला एक सांधा मळवलीत होता म्हणायला हरकत नाही.

स्टेशनहून भाज्याला जाताना द्रुतगती महामार्ग ओलांडावा लागतो. पुलावर उभं राहिलं की खालून मोटारी सुसाट जातात आणि समोर विसापूरच्या पोटातली लेणी दिसतात. पायऱ्या चढून मी वर पोचले तेव्हा पावसाने चांगलाच जोर धरला होता. धबधब्याखाली आरडाओरडा चालू होता. चैत्याच्या कमानीत मात्र चार-पाच माणसं होती. ओल्या साडीचा पदर पिळून मी बसून राहिले. आणि बसल्या बसल्या एम.ए.चा तो पेपर पुन्हा आठवला.

मराठी सौंदर्यशास्त्र शिकलेल्यांना रा. भा. पाटणकरांचं ‘सौंदर्यमीमांसा’ (1974) चुकत नाही. त्यातली अलौकिकतावाद आणि लौकिकतावाद ही जोडी आम्ही घोकून पाठ केली होती. कलेचं जग स्वतःच्या नियमांनी चालतं, व्यवहाराचा तिला स्पर्श नको, हा एक पक्ष. कला आयुष्याच्या इतर व्यवहारांतलीच एक आहे, हा दुसरा. आमच्या वयाला पहिला पक्ष फार उच्चभ्रू, म्हणून फार आवडायचा. कॉलिंगवुड या इंग्रज तत्त्वज्ञाने 1938 मध्ये तर चाळणीच लावून दिली. खरी कला भावनेला शब्दरूप, चित्ररूप देताना तिचा शोध घेते. करमणुकीसाठी किंवा काही साधून घेण्यासाठी ठरावीक भावना उत्पन्न करणारी ती कारागिरी. ही चाळणी घेऊन मी गेली वीस वर्षं वर्गात उभी आहे. नाट्यपदं, सिनेमा, कॅलेंडर, गणपतीचे देखावे, सगळं तिच्यातून खाली पडतं.

रविवर्माही पडले. ते गेल्यावर वर्षभरातच आनंद कुमारस्वामींनी त्यांच्या देवतांना नाटकी आणि कल्पनाशून्य ठरवलं. भगिनी निवेदितांना त्यांची पालथी पडून पत्र लिहिणारी शकुंतला अशोभनीय वाटली. नाटकी हा आरोप मात्र मजेशीर आहे. रविवर्मा ज्या काळात चित्रं काढत होते, त्याच काळात आपल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ (1880) लोक रात्र रात्र जागून बघत होते. एकाच शकुंतलेला दोघांनी दोन वाटांनी माणसांत आणलं होतं. नाटकासारखं दिसणं हा ते चित्र बघणाऱ्याला दोष वाटला नसणार. त्याला त्यामुळेच ती ओळखीची वाटली असेल.

पण कुमारस्वामींची बाजू अगदीच पोकळ नाही, हेही सांगायला हवं. या छापील देवतांनी आपल्याकडचं बरंच काही पुसलं. सावंतवाडीची गंजिफा, पिंगुळीची चित्रकथी, कोप्पळकडची किन्हाळची रंगीत लाकडी चित्रं, या सगळ्यांतले देव एकमेकांसारखे दिसत नाहीत. आपल्याकडच्या गावोगावच्या द्यामव्वा आठवा. लाकडाची, लालभडक चेहऱ्याची, कानापर्यंत डोळे ओढलेली, बघून लहान मूल आईच्या मागे दडावं अशी देवी. आता जत्रेत तिचाही फोटो मिळतो. गोरीपान, नाजूक ओठांची, रविवर्मांच्या लक्ष्मीची धाकटी बहीण शोभावी अशी. यल्लम्माचंही तेच झालं. एकच चेहरा इतका छापला गेला की देवी म्हणजे तीच, असं डोळ्यांना वळण लागलं. हा दोष छापखान्याचा आहे, आणि तो लहान नाही. साबणवाल्यांनी आणि बेबीफूडवाल्यांनी तोच चेहरा आपल्या कॅलेंडरांवर वापरला, ते वेगळंच.

तरीही भाज्याच्या त्या कमानीत बसून मला राहून राहून वाटत होतं, की हिशेब कुठेतरी चुकतो आहे.

वाल्टर बेन्यामिन या जर्मन लेखकाचा 1935-36 मधला एक निबंध या विषयावर फार सांगितला जातो. मूळ कलाकृतीभोवती एक वलय असतं, ते तिच्या एकमेव असण्यातून येतं. ती तिथे असते, त्या क्षणी असते, एखाद्या परंपरेत आणि पूजेत रुजलेली असते. यंत्राने प्रती काढल्या की हे वलय विरतं. वस्तू पूजेतून सुटते आणि प्रदर्शनाची होते. बेन्यामिनला यात नुसतं दुःख नव्हतं, एक प्रकारची सुटकाही दिसत होती. पण आमच्या लक्ष्मीचं पाहा. तिचं मूळ तैलचित्र हेच प्रदर्शनाची वस्तू होतं. संग्रहात लावायचं, दुरून पाहायचं, चित्रकाराचं कसब वाखाणायचं. त्याला कुणी हळदीकुंकू लावलं नसतं. छापून निघालेली प्रत मात्र बैलहोंगलच्या एका घरात गेली, खिळ्यावर बसली, आणि तिथे पूजेला लागली. बेन्यामिनने सांगितलेल्या वाटेने ती उलटी चालत गेली होती.

आणि एकमेव म्हणाल तर, शालूची जर उसवून जिला शिवली ती लक्ष्मी जगात एकच होती. मूळ तैलचित्रापेक्षाही जास्त एकच. तसं म्हटलं तर रविवर्मा स्वतःच्या चित्रांसारखी दुसरी चित्रं काढू शकत होते. बैलहोंगलच्या त्या बाईंना दुसरा शालू नव्हता. छापील देवतांना जर, कापड, टिकल्या शिवून सजवण्याची ही पद्धत दक्षिणेत पुष्कळ ठिकाणी होती आणि तसे नमुने आता संग्रहालयांत काचेआड ठेवतात. मी मात्र आमचा नमुना पिंपळाखाली ठेवून आले.

नोएल कॅरल नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाचं 1998 मधलं एक पुस्तक फक्त या जनकलेवरच आहे. त्याची व्याख्या मला बरी वाटते, कारण तीत नाक मुरडणं नाही. जिच्या अनेक प्रती असतात, जी मोठ्या प्रमाणावर उत्पादन करणाऱ्या तंत्राने तयार होते आणि पोचते, आणि जी मुद्दाम अशी घडवलेली असते की न शिकलेल्या माणसालाही पहिल्या भेटीत, फार कष्ट न घेता कळावी, ती जनकला. रविवर्मांची लक्ष्मी या तिन्ही अटींत चपखल बसते. कमळावर उभी, हातांत कमळं, बाजूला सोंडेत माळ धरलेला हत्ती. कुणालाही काही विचारावं लागत नाही. माझं म्हणणं एवढंच की पहिल्या भेटीत कळणं आणि पहिल्या भेटीत संपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही प्राध्यापक मंडळी पहिली पाहतो आणि दुसरी गृहीत धरतो. ज्या बाईला ते चित्र एका नजरेत कळलं, तिनेच पुढे तीन महिने सुई घेऊन ते पाहिलं. तिच्याइतकं बारकाईने ते चित्र कुठल्या समीक्षकाने पाहिलं असेल असं मला वाटत नाही. काठ कुठे वळतो, निरी कुठे दुमडते, मुकुटाची कड कुठे संपते, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं.

पाऊस थांबल्यावर आत जाऊन चैत्य नीट पाहिला. भाज्याचे खांब आत झुकलेले आहेत. दगडाला झुकायचं काही कारण नव्हतं. लाकडी इमारतीत छताचा भार तोलायला खांब कलते ठेवावे लागत, त्याची ही नक्कल. म्हणजे हे लेणंसुद्धा एक प्रतच, लाकडाची दगडात काढलेली. दर्शनी भागावर तर त्याच घोड्याच्या नालासारख्या कमानीच्या लहान लहान आवृत्त्या ओळीने कोरल्या आहेत, ठसा मारत जावं तशा. दोन हजार वर्षांनंतर आपण त्याला अभिजात म्हणतो. कागदाला वार्निश देऊन त्याचं तैलचित्र केलं, तर ती फसवणूक.

शेवटच्या बाजूच्या विहारात एक बाई वाद्य वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे असं शिल्प आहे. तिथल्या पोरांनी त्यांच्याशेजारी उभं राहून त्याच ऐटीत फोटो काढून घेतले. एरवी मी रागावले असते.

दुपारी रिक्षाने कार्ल्याला गेले. पायथ्यापासून पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानं. ओटीचं सामान, नारळ, बांगड्या, पेढे, आणि देवांचे फोटो. रायगडकडून आलेल्या कोळी बायका गजरे माळून, गाणी म्हणत चढत होत्या. वर लेण्याच्या तोंडाशीच एकवीरेचं देऊळ आहे. देवीसाठी लागलेली रांग आणि लेण्यासाठी काढलेलं तिकीट यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नव्हतं. रांगेतल्या माणसांपैकी फार थोडी पलीकडे वळत होती, आणि तिकीटवाल्यांपैकी बरेच रांगेकडे कपाळाला आठी घालून बघत होते.

कार्ल्याचा चैत्य मी पूर्वी पाहिला होता, विद्यार्थ्यांना घेऊन. तेव्हा छताच्या मूळ सागवानी फासळ्या दाखवल्या होत्या, दोन हजार वर्षांच्या. या वेळी मी दारापाशी आणि खांबांवर कोरलेले लेख शोधत राहिले. ते वाचता येत नाहीत, पण कुणाचे आहेत ते वाचलेलं होतं. कुणी अत्तरांचा व्यापारी, कुणी सुतार, कुणी भिक्षुणी, धेनुकाकटचे यवन. एकेकाने एकेक खांब दिला, दार दिलं. म्हणजे हे काम एका राजाच्या हुकमाने झालेलं नाही, वर्गणीने झालेलं आहे. आणि हे लेणं पुरं केलं असं सांगणारा, जंबुद्वीपात याच्या तोडीचं दुसरं नाही अशी फुशारकी मारणारा भूतपाल नावाचा श्रेष्ठी वैजयंतीचा. वैजयंती म्हणजे आपली कारवार जिल्ह्यातली बनवासी, असं अभ्यासक मानतात. कानडी मुलखातल्या एका व्यापाऱ्याने मावळातल्या डोंगरात पैसा ओतला आणि त्याला ‘माझं’ म्हणून घेतलं. हे घरी सांगायचं म्हणून मी मनात नोंदवून ठेवलं. आमच्या ह्यांना अशा गोष्टी फार आवडतात.

उतरताना फोटोंच्या दुकानात थांबले. लक्ष्मी होत्या, चांगल्या वीस-पंचवीस. सगळ्या लाकडी पाटीवर चिकटवून वरून प्लॅस्टिक चढवलेल्या. जर आणि टिकल्या सुद्धा छापलेल्याच, चमकी मारून. मी दुकानदाराला म्हटलं, ‘‘नुसता कागद आहे का? पाटीशिवाय?’’ त्याने मला आधी नीट न्याहाळलं. ‘‘कागद काय करायचाय मावशी? धुता येत न्हाय. ही घ्या, फडकं मारलं की साफ.’’ मी म्हटलं, ‘‘सुई जायला हवी.’’ हे ऐकून त्याने पुढे काही विचारलं नाही. मागच्या फळीवरून गुंडाळी काढली आणि पुसून दिली. वीस रुपये.

पुण्याला परत जाताना लोकलमध्ये उलगडून पाहिलं. मळवलीची ती नव्हेच. आर्ट पेपर गुळगुळीत, रंग भडक, हत्ती एकाचे दोन झालेले, आणि हातातून सोन्याच्या नाण्यांचा धबधबा. आमच्या लक्ष्मीच्या हातातून पैसे पडत नव्हते. पण उभं राहण्याची ढब तीच, मान तशीच किंचित कललेली, काठ तसाच पायावर उतरलेला. कुठल्या तरी कारागिराने कधीतरी दगडावर काढलेली रेघ इतक्या हातांतून, इतक्या यंत्रांतून इथवर आली होती.

घरी आल्यावर अत्तींनी चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली. ‘‘इदराग रोक्का याक?’’ यात पैसे कशाला, एवढंच विचारलं. मला वाटलं, नापास. मग त्यांनी कागद उलटा करून पाठ पाहिली, कोपरा दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाल्या, हा असा शिवला तर फाटणार, मागे कापड लावायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी मैद्याची खळ शिजवून त्यांनी तो स्वतःच्या एका जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यावर चिकटवला आणि गादीखाली वाळत ठेवला.

शनिवारी आम्ही तिघी खडेबाजारात टिकल्या आणायला गेलो. अत्तींना आता सुईत दोरा ओवता येत नाही, ते काम लेकीकडे आहे. जर कुठली शिवायची यावर अजून एकमत नाही. मी माझ्या शालूची म्हटलं, तर त्या म्हणाल्या, राहू दे, आधी हे पैसे झाकूया. त्यामुळे सध्या नाण्यांवर टिकल्या लावणं चालू आहे. निम्मी झाकून झाली आहेत.